सासऱ्याचा दीर झाला

टीव्हीवर माझा सासरा माझा दीर झाला, तवा पाहुण्यांचा चहा अर्धाच पिऊन झाल्ता.

"सूनबाई," तीर्थपुरीचे पाहुणे चष्मा वर करून म्हनले, "पोरीचे मायबाप कुठं दिसून न्हाई राह्यले?"

पोरगी म्हंजी माझी ननंद, सुनीता. तिलाच बघायला आल्ते. सोयरीक जमायला आल्ती, अन पडद्यावर पोरगी बिनमायबापाची! तिच्या शेजारच्या चौकटीत तिचा बाप, 'भाऊ' म्हनून. त्याच्या बाजूला तिची माय, 'वैनी'! कडेवरची लेक बी रडायची थांबली (तिला बी कळलं, मायचं आज काही खरं न्हाई).

झाल्तं काय, आमच्या ह्यांनी लॅपटॉपवर वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकलं. "लई सोपं हाय," म्हनले, "एका मानसाचं एक पान. नातं लिही, झाड आपोआप निघतं." माझी शाळा आठवीतच सुटलेली, लई नवल वाटलं मला! नाव लिहिलं की फांदी फुटायची. अजून कोन, अजून कोन करता करता दोनदा भाकरी करपल्या! घरात जो ज्याला जे म्हनतो, ते मी बराबर लिहिलं. आता आमच्यात लेकरं बापाला 'भाऊ' म्हनतात अन मायला 'वैनी'. (चुलते म्हनायचे, तेच लेकरांनी उचललं.) मशिनीला काय ठावं! अन पाहुण्यांनी गणगोत इचारलं, तर ह्यांनी ऐटीत ते झाडच टीव्हीवर लावलं.

"जल्दी दुरुस्त कर!" हे दात खाऊन म्हनले.

केलं की! 'भाऊ' खोडलं अन मी सासऱ्याला म्हनते ते लिहिलं, 'मामा'. सासूला म्हनते ते लिहिलं, 'आत्या'. दाबलं बटन.

झाड गरकन फिरलं. माझा मामा अन माझी आत्या नवरा-बायको! मंग त्यांचे पोरगे म्हनून हे माझे कोन? माझे मामेभाऊ बी, आतेभाऊ बी! सुनीता अजून एकटीच लटकलेली.

सासरे खाकरले. "मी नेमका कोन हाय, कोनी सांगल का?"

"गप बसा!" सासूबाई कडाडल्या. "मघा वैनी व्हते, आता आत्या झाले. हिनं अजून एक बटन दाबलं तर तुमची माय व्हईन!"

आता पाहुणे उठतात, अन सुनीता जलमभर मला शिव्या देती! मी डोळेच मिटले. तर पाहुणीला, नवरदेवाच्या मायला, असा ठसका लागला, की चहा नाकातून! "अवो, आमचा पोरगा बापाला 'दादा' म्हनतो अन मला 'बाई'. आमचं झाड काढलं तर मी घरची कामवालीच निघंन!"

हसता हसता सोयरीक पक्की झाली. "फकस्त एक अट," पाहुणी म्हनली, "पत्रिका ह्या सूनबाईला लिहू देऊ नका. न्हाईतर आमचा नवरदेवच मामा व्हायचा!"

सासऱ्याला 'सासरा' असा सरळ शब्द हाय, हे मला दुसऱ्या दिवशी भांडे घासताना सुचलं. खरं सांगा, एवढ्या पाहुण्यांपुढं तुमाला तरी तवाच सुचलं असतं का?