केराबाईचं गार पाणी

केराबाईच्या अंगणात आलेल्या माणसाला पायावर पाणी घेतल्याशिवाय बसायला मिळत नाही. मेंढरांना लस टोचणारा डॉक्टर असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो. आधी पायावर तांब्या, मग घोंगडं, मग काय असेल ते काम. एकदा थकबाकीपायी वीज तोडायला वायरमन आला. त्याच्याही पायावर तिने पाणी घातलं. तो पाय पुसून, ताक पिऊन खांबावर चढला आणि वीज तोडून गेला. "त्येचं काम त्येनं केलं, माजं म्या केलं," एवढंच ती सांगते.

हे पाणी गार असलं पाहिजे, हा तिचा हट्ट. आणि नशीब असं की तिच्या बोअरचं पाणी कढत. मंगळवेढ्याच्या पुढच्या माळावर तिच्या मालकांनी, बिरुदेवांनी, मेंढरांसाठी बोअर पाडलं, तर खालून चहाचं आधण आल्यासारखं पाणी आलं. मेंढरांनी तोंड लावलं आणि मालकांकडे बघितलं. तेव्हापासून केराबाई बोअरचं पाणी हौदात भरते, वर ओलं गोणपाट टाकते आणि रात्रभर निवू देते. मालक गेले, पण पाणी निवत घालायचं काही सुटलं नाही.

पुढे या पाण्याची बातमी सरकारपर्यंत गेली. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करायची एक योजना निघाली होती. निधी मंजूर होता, फक्त उष्णता सापडायची राहिली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीच्या नळाला हात लावला तरी भाजतो. अशा जिल्ह्यात उष्णता शोधायला जमिनीत भोक पाडायचं, हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले. मी हसले नाही. त्या कामावर माझी मुलगी लागली होती.

ऋतुजा भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि अर्ज करत घरी बसली होती. तिला इथे क्षेत्र सहायक म्हणून कंत्राटावर घेतलं. राहायची सोय केराबाईकडे. पहिल्या वर्षीच्या निधीतून कमान उभी राहिली, कोनशिला बसली, 'नियोजित भूऔष्णिक वीज केंद्र' असा फलक लागला आणि फिरत्या खुर्च्या आल्या. खुर्च्या मातीच्या जमिनीवर फिरत नव्हत्या, म्हणून फरशीचा प्रस्ताव गेला. खोल बोअर तेवढं राहिलं. ते पुढच्या निधीत होतं.

मी रोज फोन करायची. माळरान, एकटी पोर, विंचू, काय आणि काय. शेवटी एक दिवस केराबाईनेच फोन ओढून घेतला.

"ताई, पोरगी जेवली का, ते मला इचारा. ती खोटं बोलती."

"जेवली का?"

"अर्धी भाकरी टाकली. मी मेंढीला घातली. मेंढी तुमच्या लेकीपरास बरी हाय, फोन करून इचारावं लागत न्हाय."

पुढचा निधी मुंबईहून येणाऱ्या समितीवर अवलंबून होता. समिती पाण्यात हात घालणार, हात पोळला तर पैसे; नाहीतर प्रकल्प बंद आणि ऋतुजा पुन्हा घरी. प्रकल्पाचे समन्वयक पंचाक्षरी सर आदल्या दिवशी केराबाईला बजावून गेले, "मावशी, मोठी माणसं येणार आहेत. पाण्याला हात लावून बघणार. सगळ्या गावाची इज्जत तुमच्या हौदात आहे."

अडचण एकच होती. वीज केंद्राच्या जागी दिवसा वीज नव्हती. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईन रात्रीची होती. म्हणून ऋतुजाने पहाटे, लाईन जायच्या आत, हौद कढत पाण्याने भरला, वर ताडपत्री अंथरली आणि समितीला आणायला डांबरी रस्त्यावर जाऊन थांबली.

केराबाईने ताडपत्री उचलून हात घातला आणि झटकन मागे घेतला. मोठी माणसं, मऊ हात, आणि गावाची इज्जत. तिने हौदाचं बूच काढलं, पाणी कुंपणाला सोडलं, सुनेला हाताशी घेतलं आणि मेंढरांसाठी निवत ठेवलेलं पाणी दुसऱ्या हौदातून बादल्यांनी आणून भरलं. वर लिंबाचा डहाळा टाकला.

भर एप्रिलात समिती घामाने भिजून आली. अध्यक्षांनी पाण्यात हात घातला. पंचाक्षरी सर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वा," अध्यक्ष म्हणाले. मग दुसरा हात घातला. मग तोंड धुतलं. केराबाई तांब्या घेऊन तयारच होती. तिने सगळ्या समितीच्या पायांवर पाणी घातलं.

ऋतुजाला राहवलं नाही. "सर, हे पाणी खरं गरम असतं. कुणीतरी गार केलंय."

"कुनीतरी न्हाय, मीच केलंय," केराबाई म्हणाली. "पावण्याच्या पायावर कडत पानी वतायचं व्हय?"

"मग बोअर चालू करा," अध्यक्ष म्हणाले.

"लाईट रात्री येते, सर," पंचाक्षरी सर जमिनीकडे बघत बोलले.

रात्री तर समितीची मुंबईची परतीची गाडी होती. मग सगळे घोंगड्यावर बसले, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, ताक प्यायले. अध्यक्ष थोडे आडवेही झाले. जाताना म्हणाले, "जागेत दम आहे."

त्या संध्याकाळी ऋतुजा फोनवर नीट बोलली नाही. मी ओळखलं, नोकरी गेली. पुढचे दिवस मी केराबाईला काय बोलायचं ते घोकत काढले. कागद आल्याचा ऋतुजाचा फोन आला, तेव्हा तो वाचू न देताच मी मंगळवेढ्याची बस धरली. पोरीला आणायचं आणि त्या बाईला चार शब्द सुनवायचे.

अंगणात पाय टाकते तोच तांब्या आला. उन्हात तापलेल्या पायांवर ते पाणी पडलं आणि माझे चारातले दोन शब्द तिथेच गेले. उरलेले ताकाबरोबर गेले.

ऋतुजाने कागद दाखवला. पाणी कोमटही नसल्यामुळे खोल बोअरचा निधी नामंजूर. मात्र स्थळाचं महत्त्व पाहता तिथे 'अभ्यागत सुविधा केंद्र' मंजूर: शेड, फरशी, पाय धुवायला नळांचा ओटा. बांधकामावर देखरेखीसाठी क्षेत्र सहायकाचं कंत्राट वाढवण्यात येत आहे.

माझी एम.एस्सी. झालेली मुलगी आता फरशीचा ढाळ तपासणार होती.

"बगा की ताई," केराबाई म्हणाली, "मी पानी गार केलं म्हनून हिची नोकरी ऱ्हायली."

हे खरंच होतं. मी कमानीवरच्या फलकाकडे बघितलं आणि उगाच विचारलं, "आणि वीज?"

"लाईट व्हय?" ती तांब्या पालथा घालत म्हणाली. "ती रातीला येती की."