एक्केचाळीस पट्ट्या

ग्रंथालयाच्या तळघरातल्या बांधणी विभागात बावीस वर्षे काम करणाऱ्या बाईंना सगळे दाभणताई म्हणत. जाड पुस्तके शिवायचे दाभण दिवसभर त्यांच्या हातात असे, हे त्याचे अधिकृत कारण. अनधिकृत कारण त्यांची जीभ होती. पण ते त्यांच्यासमोर बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

फाटके पुस्तक खाली यायचे, सांधून वर जायचे आणि ते कधी फाटले होते याचा वाचणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. आपल्या हाताची खूण मागे राहता कामा नये, या एका नियमावर ताईंची सगळी नोकरी उभी होती. अशा बाईंवर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःविषयी पानभर लिहायची वेळ आली.

जुन्या कागदांचे जतन शिकवणारी एक शाळा होती. वर्षभराचा अभ्यासक्रम, जागा बारा, वयाची अट पंचेचाळीस. त्यामुळे ताईंसाठी ही शेवटचीच संधी होती. अर्जासोबत निवेदन मागितले होते : तुम्ही कोण, आणि हेच का शिकायचे आहे, ते एका पानात लिहा. मुदत शुक्रवारपर्यंत.

"पान कशाला, मी एका ओळीत सांगेन," असे म्हणत ताई रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. तासाभरात पान भरले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने ते हातात घेतले आणि दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवले.

"'मी मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे.' आई, हे आपल्या भिंतीवरच्या घड्याळालाही लागू पडतं."

"घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं. मी नाही पडत."

"मग हे लिहिलंस का नाही? यात तू कुठेच नाहीस."

शेवटी मुलीनेच ते काम अंगावर घेतले आणि सोमवारी संध्याकाळी मोठ्या उत्साहाने वाचायला सुरुवात केली, "'बालपणापासूनच ग्रंथांच्या सुगंधाने माझे भावविश्व दरवळून गेले होते...'"

"थांब. कोणाचं बालपण?"

"तुझं."

"माझ्या बालपणी घरात एकच पुस्तक होतं. त्यावर तुझी आजी दुधाचं पातेलं ठेवायची. आणि सुगंध कसला? कामाला लागले तेव्हा चिकटवायच्या खळीच्या वासानं मला महिनाभर दुपारचा डबा जात नव्हता."

"आई, असंच लिहायचं असतं. सगळे असंच लिहितात."

"मग निवडणारे बिचारे पहिल्या ओळीतच पेंगतील. त्यांचा दोष नाही." ताईंनी कागदाची नीट घडी घातली आणि मुलीला परत केली. "भाषा छान आहे तुझी. तुझ्या अर्जासाठी जपून ठेव."

मंगळवारी ग्रंथपाल शिफारसपत्रावर सही करायला स्वतः तळघरात उतरले. माणूस सज्जन, पण ग्रंथालयाच्या नावाला जरा जास्तच जपणारा. ताई कागद कापायच्या यंत्राशी उभ्या होत्या. बांधलेल्या पुस्तकाच्या तिन्ही कडा या यंत्रात सरळ कापून घेतात. पाते एकदा खाली आले की काम झाले. पण ताई पाते खाली आणतच नव्हत्या. त्या एकेक पान उलटून त्याच्या समासावरून अंगठा फिरवत होत्या.

"ताई, कापायला दोन मिनिटं लागतात ना? तुम्ही मघापासून पानंच उलटताय."

"बघितल्याशिवाय पातं खाली येणार नाही, साहेब."

"हे कधीपासून?"

"एकोणीस वर्षं झाली. तुम्ही यायच्या आधीपासून."

ग्रंथपाल स्टूल ओढून बसले. ताईंनी हात पुसले, खालच्या खणातून एक खाकी पाकीट काढले आणि त्यातल्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. बोटभर लांबीच्या, काडीएवढ्या रुंद, कागदाच्या अरुंद पट्ट्या. प्रत्येकीवर शाईतली तुटकी अक्षरे होती.

नोकरीला तीन वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. वनस्पतींवरचे एक जुने पुस्तक बांधायला आले. ताईंनी ते सुरेख शिवले आणि कडा काठोकाठ कापल्या. आठवड्याने एक अभ्यासक बाई ते उघडून बसल्या आणि बसल्याच राहिल्या. कोण्या वैद्याने उभ्या आयुष्यातले अनुभव त्या पुस्तकाच्या समासात लिहून ठेवले होते. प्रत्येक ओळीचे टोक पात्याखाली गेले होते. औषधाचे नाव होते, प्रमाण नव्हते. ताईंनी कचऱ्याची तीन पोती जमिनीवर ओतली आणि चार दिवस बसून या पट्ट्या वेचल्या.

"मग चिकटवल्या का नाहीत?"

"खळीनं चिकटवल्या तर जोड जाड होतो, पान मिटताना तिथंच मोडतं. एकदा कापलं ते पुरे होतं. बारीक जोड कसा द्यायचा ते त्या शाळेत शिकवतात." पट्ट्यांकडे पाहता पाहता ताईंचा चेहरा उजळला. "साहेब, माझं निवेदन झालं की!"

ग्रंथपालांच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. आले तेव्हा ते उठूनच उभे राहिले. "हे लिहिणार? स्वतःच्या हातानं स्वतःची चूक? अहो, बावीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधलीत तुम्ही. ते लिहा. शिवाय यात ग्रंथालयाची अब्रू..."

"अब्रू त्या पोत्यात गेली होती, साहेब. मीच ती निवडून काढली. बाकीचं सगळं गाळा म्हणालात तर गाळते, पण हे राहील."

ग्रंथपालांनी शिफारसपत्र पुढे ओढले, सही केली आणि जिना चढताना मागे वळून एवढेच म्हणाले, "त्या वैद्याचं पुस्तक वर कुठल्या कपाटात आहे, ते मला दाखवून ठेवा."

ताईंनी त्याच दुपारी, डबा खाण्याच्या सुट्टीत, निवेदन लिहिले. सुरुवात अशी होती : 'मी एका पुस्तकाचे समास कापले. माझ्या हाताची खूण राहिलेले माझे ते एकमेव काम. ती कशी मिटवायची हे मला अजून येत नाही, म्हणून अर्ज करत आहे.' मग पोती, चार दिवस, अंगठा फिरवायची सवय, जोडापाशी पान का मोडते याचा त्यांनी स्वतःच लावलेला छडा. पान भरायच्या आत मजकूर संपला. घरी मुलीने तो दोनदा वाचला आणि फक्त एक स्वल्पविराम घातला.

महिन्याने मुलाखतीचे पत्र आले. खाली कोणीतरी हाताने लिहिले होते : पाकीट सोबत आणावे.

लांब टेबलामागे तिघे बसले होते. मधल्या वयस्क बाईंनी अर्जाकडे पाहिलेही नाही. पांढरे कापड पसरून एकेक पट्टी चिमट्याने मांडून घेतली.

"किती आहेत?"

"एक्केचाळीस. छत्तीस कुठल्या पानाच्या, ते मला ठाऊक आहे."

"उरलेल्या पाच?"

"कागदाच्या धाग्यांवरून पान ओळखता येतं असं ऐकलंय. ते मला येत नाही."

बाईंनी चष्मा काढला आणि एक पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "इकडे या," त्या म्हणाल्या. "हे आडवे धागे दिसतात? आता यातली दुसरी अशीच शोधा बघू."

ताईंनी खुर्ची मागे सारली, पदराला हात पुसले आणि त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. बाहेर आणखी सात उमेदवार ताटकळत होते. चौथीच पट्टी उजेडात धरून ताई म्हणाल्या, "ही."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि डावीकडच्या गृहस्थांना त्यांनी निवडीच्या यादीत ताईंचे नाव लिहून घ्यायला सांगितले.