रोझम्माची सात वाजताची प्रार्थना अन् माझा डबा

मैत्रिणींनो, आज सकाळी मी कोहक्याले लेकाच्या घरी होती. तिथं जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी माझा जुना हेवा सांगते. आपलं वेगळं राज्य झालं नव्हतं, आपण मध्य प्रदेशातच मोडत होतो तेव्हाचा. कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीपलीकडे रोझम्मा राहत होती. दोन्ही घरं ख्रिस्तीच. पण रोज संध्याकाळी सात वाजले की तिचा नवरा, तिन्ही पोरं, सगळे प्रार्थनेला बसत. ती पेटी वाजवे. मी इकडे पोळ्या लाटता लाटता जळत राहे. आमच्याकडे ते कधी जमलंच नाही. यांची शिफ्ट दर आठवड्याला बदले, अन् पोरं अंगणात. मले वाटे, प्रभूलेही तिचंच घर आवडत असन.

आज सून ड्युटीवर निघाली. लेकानं तिच्या डब्यावर हात ठेवला, डोळे मिटले अन् म्हणाला, "प्रभू येशू, डबा रिकामा येऊ दे, माणूस सुखरूप येऊ दे. आमेन."

हे तर माझे शब्द! यांच्या डब्याचं झाकण लावताना मी पुटपुटत होती ते.

"तुले कोणी शिकवलं?"

"आई, तू रोज तं म्हणत होती. मी अन् ताई दारात उभे राहून ऐकत होतो."

मी भिंतीले कान लावून बसली. माझ्या मागं कोण उभं होतं, ते पाहिलंच नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी प्रार्थना असन, जिले तुम्ही कधी प्रार्थना म्हटलंच नाही. सांगा बरं.

रोझम्माच्या पेटीचा हेवा मात्र अजून गेला नाही. खोटं कावून बोलू?