ह्यांच्या माशांचं विरजण

ह्यांचा मासा मी मारला.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहिते. इतके दिवस कुणाला बोलले न्हाय. सुनेला सांगितलं, वय झालं असंल त्याचं.

निपाणीत ह्यांनी चाळीस वर्षं जळक्या मोटरी भरल्या, नवी तांब्याची तार गुंडाळून. दुकान बंद केलं तरी हात गप्प बसंनात.

मग हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आली. समुद्राच्या माशांची. निपाणीत समुद्र. गल्ली हसली. सगळ्यात जास्त मी.

दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. एक थोरली, एक धाकटा.

टाकीच्या मागं फिल्टर. तो ह्यांनी स्वतः बनवला, तीन खोल्यांचा. पहिलीत स्पंज, कचरा अडवायला. मधलीत चिनी मातीच्या बारक्या नळ्या. तिसरीत मोटर, पाणी परत टाकीत सोडायला.

टाकीतलं पाणी कमी झालं की हे वरनं गोडं पाणी घालायचे. मी म्हटलं, "अहो, समुद्र न्हवं हा? मीठ कुठाय?"

"पाणी उडतं गं. मीठ उडत न्हाय, ते आतच ऱ्हातं."

असं काय काय सांगायचे. चौथी शिकलेल्या बाईला एवढं कोण सांगतं? मी भाजी निवडायची सोडून ऐकत बसायची.

स्पंज तेवढा धुवायचे, तोसुद्धा टाकीतल्याच पाण्यात. मधल्या खोलीला कुणी हात लावायचा न्हाय म्हणायचे. पान्या-पकडीला हात लावू देत नव्हते, मला वाटलं तसंच हे.

मग हे गेले. दवाखान्यात दोन दिवस नुसत्या धापा. मी पाय चोळत बसले होते. दुसरं काय करणार.

सुतक फिटलं त्या दिवशी घर धुतलं. आमच्यात चमचासुद्धा न धुता ठेवत न्हाईत. अंथरूण, पडदे, देव्हारा सगळं झालं. मग टाकीकडं बघितलं. नळ्यांवर तपकिरी थर.

म्हटलं, घरात अशी घाण ठेवून सुतक कसं फिटंल?

उकळत्या पाण्यात घातल्या. उन्हात वाळवल्या. टाकीतले दगडसुद्धा काथ्यानं घासले. नळ्या मोगऱ्यासारख्या पांढऱ्या झाल्या, आणि मी खूश.

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं. दोघं वर येऊन धापा टाकाय लागले.

तशाच धापा.

ह्यांचा चष्मा, खुर्ची, चप्पल सगळं गप्प पडलं होतं. ह्यांच्या हातचं जितं म्हणून एवढंच उरलं होतं.

ह्यांनी मासे आणले होते त्या बेळगावच्या मासेवाल्या अण्णाला फोन लावला.

"आजी, नळ्या धुतल्या काय?"

"व्हय. उकळून."

तो म्हणाला, "त्यात चांगले जंतू होते आजी. माशांची घाण तेच खातात."

"जंतू चांगले कसे असतील रं?"

"दह्याला विरजण लागतं न्हवं? तुम्ही विरजणच उकळलं."

त्यानं सांगितलं तसं पाणी कालवलं. ह्यांनी डब्यात ठेवलेलं समुद्राचं मीठ, पिण्याच्या फिल्टरचं गोडं पाणी, तरंगत्या काचेच्या नळीवर खारटपणा बघायचा. आकडे बारीक, डोळ्यांत पाणी, काय दिसतंय? तीनदा बघितलं. मग अर्धं पाणी बदललं.

सकाळी पहिल्या बसनं बेळगावला गेले. अण्णानं आपल्या जुन्या टाकीतल्या ओंजळभर नळ्या स्टीलच्या डब्यात खाऱ्या पाण्यात घालून दिल्या. "बुडलेल्याच ऱ्हाऊ द्या. वाळल्या की संपलं."

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर. झाकण थोडं उघडं, हवा लागावी म्हणून. वाटेत हत्तरगीच्या पुढं बस थांबली ती हलंनाच. कंडक्टर कन्नडात विचारतोय, "अज्जी, ऊटा एन?" डब्यात जेवण काय म्हणून.

"न्हाय रं. विरजण हाय."

"बेळगावातनं? निपाणीत दूध मिळत न्हाय व्हय?"

बस हसली. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मीसुद्धा हसतेय.

घरी पोचले तर थोरली तळाला आडवी.

चपलासुद्धा काढल्या न्हाईत. तिला बाहेर काढलं, नळ्या फिल्टरच्या मधल्या खोलीत घातल्या आणि टाकीसमोर बसले. धाकटा दगडामागं. "खा रं," म्हणत होते. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तो बाहेर येईना. सून म्हणाली, "आत्या, तुम्ही तरी दोन घास खावा." मी म्हटलं, त्यानं खाल्लं की खाते.

चौथ्या दिवशी तो बाहेर आला. दाणा तोंडात धरला, थुंकला, परत धरला.

मी भाकरी खाल्ली.

अहो, थोरली माझ्या हातनं गेली. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाय. माफ करा.

धाकटा हाय. एकटाच हाय, पण खातो.

तुम्हाला नमस्कार. जिथं असाल तिथं श्वास मोकळा असू दे.