पेरूच्या बागेतून गेलेली हाक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. भुताखेतांच्या गोष्टी मुलांच्या डोक्यातून काढून टाकणं हेच आजवर करत आले. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण दोन वर्षं झाली, मनातून जात नाही.

कोल्हारजवळ, प्रवरेपासून थोडं आत आमची वस्ती. घरामागे पेरूची बाग, तिच्या कडेने पाट आणि पाटापलीकडे मार्थाबाईंचं घर. माझं माहेरही गावातलंच, तिसरीत मला बाईंनीच शिकवलं. आता त्या सत्तरीच्या, एकट्या राहतात. गुडघे गेलेले, आणि कानाला मशीन लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही – शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी नाही.

मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेते. त्या रविवारी सकाळी इंजेक्शन घेतलं. सासूबाईंच्या भाकरी व्हायला अवकाश होता, म्हणून पिकलेले पेरू बघायला बागेत गेले. एक झाड, मग दुसरं... किती वेळ गेला कळलंच नाही.

आधी ओठ बधिर झाले. मग घाम. मग ऊन एकदम मऊ झालं, दुधात हळद कालवल्यासारखं. पाटाच्या पाण्याचा आवाज लांब गेला. मी एका झाडाखाली बसले. डोळ्यांसमोर पिवळेधमक पेरू लोंबत होते आणि मला ते फार सुंदर वाटत होते, पण ते खायचे असतात हे काही आठवेना. कसलं तरी एक काम राहिलंय एवढं वाटत होतं. भीती अजिबात नव्हती. उलट इतकं शांत मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. जीभ जड झाली होती. हाक मारावी असं मनातही आलं नाही.

त्यानंतरचं पहिलं आठवतं ते म्हणजे गालाच्या आत खरखरीत, गोड काहीतरी. आणि मार्थाबाईंचा चेहरा. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. एका हातात साखरेची वाटी. चिमूट चिमूट साखर माझ्या तोंडात सरकवत त्या म्हणत होत्या, "गीता, गीळ. गीळ बाळा."

तेवढ्यात मला शोधत सासूबाई आल्या. वाटी बघून घाबरल्याच, तिच्याकडे बोट दाखवत ओरडल्या. "आवं बाई, शुगरवालीला साखर कशापायी देताय?"

"तिनंच मागितली," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने घरी येऊन शुगरच्या मशीनवर तपासलं, तरी शुगर कमीच होती. भाकरी खाल्ली आणि हळूहळू सगळं जागेवर आलं. मग मी बाईंना खुणा करून विचारलं, मी केव्हा मागितली? त्या म्हणाल्या, त्या चहा करत होत्या, बागेकडच्या दाराकडे पाठ होती. मागून स्पष्ट ऐकू आलं – 'बाई, साखर आणा.' दोनदा. पुलापर्यंत वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून त्या तसल्या गुडघ्यांनिशी पाटातून आल्या.

मी त्यांच्या कानाकडे पाहिलं. कान मोकळे होते. मशीनचा सेल आदल्या दिवशीच संपला होता.

"आवाज तुझाच होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण आत्ताचा नव्हे. तिसरीतला."

डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं. मेंदूला साखर कमी पडली की असंच होतं – उजेड बदलतो, ओळखीचं अनोळखी होतं, उगाच आनंदही वाटू शकतो. तुम्ही हाक मारली असेल आणि विसरला असाल, असंही म्हणाले. तेही मान्य केलं. पण बाईंना ऐकू कसं आलं? आणि मला गोड चालत नाही म्हणून प्रसादाचा पेढासुद्धा गावात कोणी माझ्या हातावर ठेवत नाही. बाईसुद्धा नाही. मग साखरच का? यावर डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली.

आता माझ्या पर्समध्ये, बागेत, वर्गाच्या कपाटात, सगळीकडे ग्लुकोजची पुडी असते. इंजेक्शन घेतलं की जेवल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.

मार्थाबाई मात्र सकाळचा चहा अजून मशीन न लावताच करतात. कधीमधी पाटाच्या कडेला येऊन मला खुणेनं विचारतात, काही म्हणालीस का?

मी मान हलवून नाही म्हणते. त्या क्षणभर आणखी ऐकत उभ्या राहतात... मग आत जातात.