जड पाखरं

आईने आपल्या जुन्या फोनवर बोट टेकवलं आणि ती वाट बघत राहिली. मी कोड लिहून ब्राउझरमध्ये काढलेला साळुंक्यांचा थवा त्या बोटापासून फुटून उडायला हवा होता. तो उडाला, मध्येच थबकला, मग पुन्हा उडाला.

"माझाच फोन म्हातारा झालाय रे," ती ओशाळून म्हणाली.

दोष फोनचा नव्हता. चित्र जरा हललं की मी प्रत्येक पाखरू नव्याने घडवत होतो आणि जुनं टाकून देत होतो. तो पसारा आवरायला ब्राउझर थांबायचा. माझ्या महागड्या लॅपटॉपवर हे कधी जाणवलंच नाही.

खिडकीबाहेर तारेवरच्या खऱ्या साळुंक्या उठल्या. तीच पाखरं, तेच पंख, फक्त जागा बदलत गेली. सुंदर गोष्टीने बघणाऱ्याला ओशाळायला का लावावं?

मी सगळा कोड मोडून पुन्हा लिहायला बसलो. आता थवा एकदाच जन्मतो आणि तोच उडत राहतो. एका वळणावर मात्र अजून अडखळतो.

"नवा फोन घेऊ या का?" आईने विचारलं.

"अजिबात नाही. तुझा फोन धडधाकट आहे. पाखरंच अजून जड आहेत."