भांडे कोणी ढवळले

एका भांड्यात चाळीस लिटर शुद्ध दूध आहे. त्यातून चार लिटर दूध काढून तितकेच पाणी घातले. हीच कृती पुन्हा एकदा केली. तर आता भांड्यात दूध किती उरले?

ही चार वाक्ये त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा वाचली की ती मला कवितेसारखी पाठ झाली, आणि कवितेसारखीच छळूही लागली. भांडे कशाचे होते? पितळेचे असेल तर त्याला कल्हई होती का? दूध नुकतेच काढलेले, फेसाळ, अंगाला गाईची ऊब असलेले होते, की सकाळचे निवलेले? काढलेले चार लिटर कोण प्यायले? पाणी विहिरीचे होते की नळाचे? आयुष्यभर मी शब्दांच्या मधल्या जागा वाचायला शिकले आणि मुलांना तेच शिकवले. इथे मात्र मधल्या जागेत काहीच नव्हते. उत्तर तेवढे होते, आणि ते मला येत नव्हते.

ते येणे गरजेचे होते. कोपरगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी एकवीस वर्षे शिकवते आहे. आता आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही ठरलेल्या मुदतीत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. नाही तर नोकरी जाणार. पहिल्या वेळी मला सहा गुण कमी पडले. भाषेत मी वर्गात पहिली यावी असा पेपर लिहिला होता, आणि गणितात गुणोत्तर, प्रमाण, मिश्रण या तीन शब्दांपाशी मी अडले होते. दुसरी संधी पावसाळ्याच्या तोंडावर होती. तिच्यानंतर मुदतीत आणखी एखादी परीक्षा होईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अभ्यासाला मी पहाटे बसत असे. आमचे घर उसाच्या पट्ट्यात आहे. दीर आणि थोरल्या जाऊबाई शेती आणि गोठा पाहतात. सहा गाई, दोन म्हशी. माझ्या खोलीची खिडकी गोठ्याकडे उघडते. खिडकीतून शेणाचा, ओल्या सरकीचा आणि दुधाचा मिळून एक कोमट वास येई. बादलीच्या तळावर पहिली धार पडे तेव्हा टणटण वाजे. बादली भरत जाई तसा तो आवाज खाली खाली दबत जाई. त्या आवाजावर मी गणित मोठ्याने वाचत असे. मला कानाने कळते. ओळ ओठांवर आल्याशिवाय तिचा अर्थ माझ्यापर्यंत पोचत नाही.

याच सवयीने घोटाळा केला. एके सकाळी सासूबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

“सूनबाई, तू काय वाचीत हुतीस मगाशी?”

“गणित, आई.”

“दूध काढून पानी घातलं, पुन्यांदा काढलं, पुन्यांदा घातलं. व्हय?”

“हो.”

“शेजारीन कुंपनाला उभी हुती. आन् दाराशी दुधाचा कॅन. ती मला म्हन्ती, तुमची शिकलेली सून बी दुधाचंच बघती का आता.” त्यांनी कुंपणाकडे हात केला. “चाळीस वर्सं डेअरीला दूध घालतोय. कुनाची बोट दाखवायची टाप न्हाई. तुला वाचायचं तर मनात वाच.”

मी मनात वाचू लागले, आणि जे थोडे कळत होते तेही कळेनासे झाले.

माझे उत्तर पक्के होते: बत्तीस लिटर. चाळीसातून चार गेले, छत्तीस. छत्तिसातून चार गेले, बत्तीस. यात चुकायला जागा कुठे आहे? पण पुस्तकाच्या मागच्या पानावर, बारीक ठशात, ३२.४ असे छापलेले होते. छपाईची चूक असावी म्हणून मी पुढचे गणित घेतले; तिथेही माझ्यापेक्षा थोडे जास्त दूध. पुढच्यातही. पुस्तकातल्या प्रत्येक भांड्यात माझ्या हिशेबापेक्षा जरासे दूध अधिक उरत होते, जणू माझ्या पाठीमागे कोणी हळूच येऊन ओतून जात होते.

मोबाईलवर एक सर होते. त्यांच्या फळ्यावर सगळे तिरके असे. “हे इकडे, ते तिकडे, वजा करा, झालं तुमचं गुणोत्तर,” असे ते म्हणत आणि एका दमात तीन गणिते पार करत. मी त्यांच्याबरोबर तिरक्या रेघा ओढल्या. त्या रेघा फुलीसारख्या दिसत; वहीची पानेच्या पाने फुल्यांनी भरली. चारशे मिलिलिटर कुठून आले, हे त्या सरांनी एकदाही सांगितले नाही.

शेवटी मी जाऊबाईंकडे गेले. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. सातवीपर्यंत शिकल्या आहेत, आणि दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळेला स्वतः कॅन घेऊन जातात. मी त्यांना गणित सांगितले, हळू आवाजात, कुंपणाकडे पाहत.

“बत्तीस,” मी म्हटले. “आणि पुस्तक म्हणतं बत्तीस पूर्णांक चार दशांश. हे चारशे मिली कुठून आले, अक्का?”

त्या हसल्या. “मास्तरीण, तू कदी डेअरीवर आली हायेस का?”

एकवीस वर्षांत मी कधी गेले नव्हते. शाळेची वेळ आणि डेअरीची वेळ एकच असते, असे मी सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्कांच्या मागे स्कूटीवर बसून मी गेले. पुढे पायापाशी कॅन. केंद्रावर बायकापुरुषांची रांग, ओली फरशी, आंबूस गारवा. आमचा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने कॅनचे झाकण काढले आणि लांब दांड्याच्या टोकाला भोकांची चकती असलेले एक साधन तळापर्यंत नेऊन वर ओढले. एकदा, दोनदा, पाच-सहादा. वर जमलेली पिवळसर साय मोडली, फिरली, नाहीशी झाली. मग त्याने एका लहानशा बाटलीत दूध घेतले आणि फॅट मोजणाऱ्या मशीनला लावले.

“बघितलंस?” अक्का म्हणाल्या. “आदी ढवळायचं, मंग सँपल. न्हाईतर वरचं घेतलं तर नुसती साय, फॅट जास्ती दावतंय. खालचं घेतलं तर कमी. ढवळलं म्हंजी बाटलीत काय आन् कॅनात काय, सारखंच.”

“बरं.”

“बरं काय? तुझ्या गनितात दुसऱ्यांदा चार लिटर काढलं, त्यात काय हुतं?”

“दूध.”

“निव्वळ?”

रांगेतली एक बाई आमच्याकडे वळून पाहू लागली.

“पयल्यांदा काढलं ते निव्वळ दूध,” अक्का बोटांवर मोजत म्हणाल्या. “मंग तू पानी घातलंस चार लिटर. ढवळलं. आता धा लिटरमागं एक लिटर पानी. दुसऱ्या खेपेला जे चार काढलंस, त्यात तुझं पानी बी थोडं भाईर गेलं का न्हाई?”

चार लिटरमध्ये दशांश पाणी. चारशे मिलिलिटर. म्हणजे दुसऱ्या वेळी दूध गेले ते तीन लिटर सहाशेच. माझ्याच हाताने घातलेले पाणी माझ्याच मापातून बाहेर पडले होते, आणि मी त्याला दूध म्हणून मोजत होते. आमच्या घरात चूक व्हायची ती अशीच: कॅनमधून जे बाहेर येते त्याला आम्ही दूधच म्हणतो. त्यात दुसरे काही असू शकते, हा विचारसुद्धा आमच्या उंबऱ्यात येत नाही.

परत येताना उसाच्या पानांवरून वारा सळसळत होता आणि मला वाटत होते, आता कळले. संध्याकाळपर्यंत ते कळणे टिकले. रात्री जेवताना थोडे विरले. पुढच्या आठवड्यात दोन पिंपांतली मिश्रणे एकत्र करण्याचे गणित आले आणि पुन्हा धुके. पण निदान एक गोष्ट मी हाताशी धरून ठेवली: काढण्याआधी ढवळायचे.

परीक्षा नगरला होती. सकाळच्या एसटीने गेले. शहरातल्या एका मोठ्या शाळेत केंद्र होते. वर्गात ओल्या भिंतींचा आणि नव्या फिनाइलचा वास. माझ्या पुढच्या बाकावर माझ्याच वयाचे एक शिक्षक सारखे चष्मा पुसत होते. भाषेचे प्रश्न माझ्या हातून झऱ्यासारखे वाहून गेले. मग गणित.

एका भांड्यात वीस लिटर दूध आहे. त्यातून पाच लिटर काढून तितकेच पाणी घातले. हीच कृती पुन्हा एकदा केली. तर भांड्यातील दूध आणि पाणी यांचे गुणोत्तर काय? पर्याय: १:१, ३:१, ९:७, ४:१.

मला जवळजवळ हसू आले. पहिल्यांदा पाच लिटर निव्वळ दूध. उरले पंधरा. मग पाच लिटर पाणी. ढवळले. आता चार भागांत एक भाग पाणी. दुसऱ्या पाच लिटरमध्ये सव्वा लिटर पाणी, पावणेचार लिटर दूध. उरले सव्वाअकरा लिटर दूध, पावणेनऊ लिटर पाणी. पेनाचे टोक ९:७ च्या गोलाकडे गेले, आणि तिथेच थांबले.

ढवळले असे प्रश्नात कुठे लिहिले होते?

मी पुन्हा वाचले. काढून, घातले, कृती, पुन्हा. ढवळून हा शब्द नव्हता. आणि ढवळले नसेल तर? पाणी वरच्या वर राहिले असेल आणि माप वरून बुडवले असेल, तर दुसऱ्या वेळी पाणीच बाहेर गेले. मग पंधरा लिटर दूध, पाच लिटर पाणी, ३:१. तो पर्याय होता. भांड्याला खाली तोटी असेल आणि तिथून काढले असेल, तर दोन्ही वेळा दूधच गेले. दहा आणि दहा, १:१. तोही पर्याय होता. तीन पर्याय, तीन भांडी, आणि तिन्ही खरी. प्रश्न काढणाऱ्याने जाणूनबुजून तो शब्द गाळला असेल का? कवितेत एखादा शब्द गाळलेला असतो तेव्हा तिथेच अर्थ असतो, असे मी दरवर्षी वर्गात सांगते.

घड्याळाचा काटा सरकत होता. एकदा ३:१ च्या गोलावर टोक टेकवले, उचलले. मला अक्कांचा आवाज आठवला, डेअरीतली ओली फरशी आठवली, मोडून फिरत नाहीशी होणारी ती साय आठवली. प्रश्नातल्या त्या भांड्याजवळ मात्र कोणीच उभे नव्हते. शेवटची घंटा होण्याआधी मी ९:७ चा गोल काळा केला; खात्रीने नव्हे, अक्कांखेरीज दुसरे कोणी माणूस त्या भांड्याजवळ मला कल्पिता येईना म्हणून.

घरी आले तेव्हा अक्का धारा काढत होत्या.

“आलं हुतं का दुधाचं?”

“आलं होतं. पण अक्का, ढवळलं असं लिहिलेलं नव्हतं.”

त्यांचे हात थांबले. म्हशीने मान वळवून पाहिले. “म्हंजी तू न ढवळता काढलंस?”

“नाही. ढवळलंच असेल असं धरलं.”

“न ढवळता कोन माप घेतंय गं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा धार सुरू झाली. “त्या पेपरवाल्याला तेवढं तर ठावं असंल.”

निकाल लागला तेव्हा मी काठावरून एका गुणाने वर होते. नोकरी राहिली. तो एक गुण कोणत्या प्रश्नाचा, हे सांगता येणार नाही; पण माझ्या मनात तो त्या भांड्याचाच आहे, आणि म्हणून मला स्वस्थता नव्हती. त्या रविवारी दुपारी मी अंगणात तोटीचे स्टीलचे पिंप घेतले, त्यात चार लिटर दूध ओतले, आणि एक लिटर पाणी कडेकडेने, धार मोडू न देता, सोडले. ढवळले नाही. पांढऱ्यात कुठेतरी धुरासारखे काही हलले आणि विरले. आत काय झाले ते दिसेना. मग एक पेला वरून बुडवून घेतला, एक खालच्या तोटीतून.

अक्का म्हणाल्या, “सारखंच लागतंय.” मला वरचे पातळ वाटले. मग खालचे वाटले. मग कळेना.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. भर दुपारी, अंगणात, कुंपणासमोर, त्यांच्या दोन सुना दुधाचे पिंप आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या. त्यांनी आधी शेजारच्या दाराकडे पाहिले. दार बंद होते.

“कशापायी?” त्यांनी विचारले.

“कळत नव्हतं म्हणून,” मी म्हटले.

त्यांनी दोन्ही पेले हातात घेतले, एक घोट याचा, एक घोट त्याचा. बराच वेळ तोंडात घोळवला. “दोनी पानचट,” त्या म्हणाल्या, आणि पिंप उचलून वासरांकडे घेऊन गेल्या.